ब्लांदिनाची पहिली धाव

सरईटोलीत हॉकी खेळायला सपाट जमीन नाही. भाताची कापणी झाली की डोंगराच्या पायथ्याचं एक लांबडं शेत मोकळं होतं, तेच मैदान. एका टोकाला चर्चची भिंत, दुसऱ्या टोकाला ओढा, आणि मधे असा उतार की चेंडू नुसता सोडून दिला तरी आपल्या पायाने ओढ्यात जावा. अशा मैदानावर खेळून खेळून गावाने एक अक्कल लढवली होती. संघात सगळ्यात चांगला गोल मारणारा जो असेल त्याला उताराच्या टोकाशी उभा करायचा आणि सांगायचं, तू हलू नकोस, चेंडू येईल. बाजू बदलल्या की तोच गडी वर भिंतीशी जाऊन उभा राहायचा आणि बाकीच्यांनी चढावर धापा टाकत चेंडू त्याच्यापर्यंत पोचवायचा. खस्सीच्या स्पर्धेत, म्हणजे जिंकणाऱ्याला बोकड मिळतो त्या स्पर्धेत, या अकलेच्या जोरावर सरईटोलीने कितीतरी बोकड खाल्ले. त्यामुळे यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ब्लांदिना सुरीन त्या उताराच्या टोकाशी मोठी झाली. पायात बूट नाहीत, हातात आबाने, म्हणजे वडिलांनी, बांबूच्या बुंध्यापासून वाकवून दिलेली काठी, आणि अंगात नुसता वारा भरलेला. चेंडू एकदा तिच्यापाशी आला की गोलात जाऊनच थांबायचा. तिची मोठी बहीण मर्था मागे खेळायची, फुलबॅक. गोल ब्लांदिनाचे आणि मार मर्थाचा, अशी त्या घरातली वाटणी होती, आणि दोघींनाही ती मान्य होती.

मग एका नाताळाआधीच्या फायनलला पलीकडच्या टोलीतल्या, म्हणजे वाडीतल्या, एका दांडगट पोरीने चेंडू हाणला, तो ढेकळावर आपटून उडाला आणि मर्थाच्या उजव्या डोळ्यावर बसला. ब्लांदिना तेव्हा खाली ओढ्याशी उभी होती. मागे ओरडा झाला तो तिला गोल झाल्याचा वाटला. वळून पाहिलं तर माणसांचं कोंडाळं झालेलं, आणि त्यात मर्थाचे पाय तेवढे दिसत होते. डोळा वाचला नाही. मर्था त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेली नाही, आणि चर्चमध्येही उजवी बाजू भिंतीकडे करून बसू लागली.

त्यांच्या आईला त्या आयो म्हणायच्या. तिने घरातल्या दोन्ही काठ्या चुलीत घातल्या. ब्लांदिनाने जेवण टाकलं, रडून घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटी येशूच्या तसबिरीसमोर आयोचा हात धरून शब्द दिला. मी पुढेच खेळीन आयो, पुढे कुणी मारत नाही, मागे मी कधी उभी राहणार नाही. मग आयोने आबाला नवी काठी करायला सांगितलं.

या शब्दाला धरून ब्लांदिना जिल्ह्याच्या निवासी हॉकी केंद्रात गेली. तिथे निळं नकली गवत, त्यावर पाण्याचे फवारे, रोज अंडी आणि भिजवलेले चणे. दोन वर्षांत तिचं नाव पार राजधानीपर्यंत गेलं. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा चर्चच्या दारावर तो चिकटवला होता. अकरा नंबरचा शर्ट घातलेली, तोंड उघडं, काठी हवेत. आयो दर रविवारी त्या फोटोसमोर थांबायची आणि पोरगी पुढे खेळतेय ना, हे बघायची.

तिसऱ्या वर्षी केंद्रात मारियाना बारला आली. वय पंचेचाळीसच्या पुढचं, रेल्वेकडून फुलबॅक खेळून निवृत्त झालेली, वरचे पुढचे दात खोटे. सराव सुरू करण्याआधी ती ते दात काढून डबीत ठेवायची आणि डबी खिशात, त्यामुळे तिच्या शिव्या जरा फुसफुसत यायच्या. पोरी पहिल्या दिवशी हसल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी हसेना, कारण दात कुठे गेले ते एकीने विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं.

मारियाना दीदीने पहिले काही दिवस काहीच शिकवलं नाही. ती गोलाच्या मागे एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची आणि बघायची. ब्लांदिनाने त्या दिवसांत गोलांची रास घातली. मनात तिला खात्री होती की नवी बाई आता आपलंच कौतुक करणार. आठवड्याच्या शेवटी दीदीने तिला बोलावलं.

“छान पळतेस,” दीदी म्हणाली. “कुणापासून पळतेस?”

ब्लांदिनाला वाटलं, बाईला प्रश्न नीट विचारता आला नाही. ती म्हणाली, चेंडूच्या मागे पळते.

“चेंडू तुझ्याकडे तोंड करून आला की तू मान फिरवतेस. दर वेळी. समोरच्या पोरीने नुसती काठी उचलली तरी तुझा खांदा वर येतो. आपला चेंडू गेला की तू मध्यरेषेच्या अलीकडे पाऊल टाकत नाहीस. मी आठवडाभर बघतेय. तुला गोल करायचा असतो हे खरं, पण त्याहून जास्त तुला मागच्या भानगडीपासून लांब जायचं असतं.”

 तीन वर्षं जे ब्लांदिनाने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं ते या बोळक्या बाईने खुर्चीत बसून ओळखलं होतं. ती तोऱ्यात म्हणाली की मागचं काम मागच्यांचं, आमच्या गावात असंच खेळतात.

“तुमच्या गावात उतार आहे,” दीदी म्हणाली. “मोठ्या मैदानांवर कुठेही नाही. राष्ट्रीय शिबिरात तुला पहिल्या दिवशी दोन गोल करू देतील आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. आणि त्यांच्याही आधी मी पाठवीन. राज्याच्या स्पर्धेपर्यंत मागचा खेळ शिकलीस तर राहशील. नाहीतर तुझी इथली जागा दुसऱ्या पोरीला. कॉर्नरला पहिली धाव तूच घ्यायची.”

पहिली धाव म्हणजे काय हे केंद्रातल्या प्रत्येक पोरीला माहीत होतं, आणि ते काम वाट्याला येऊ नये म्हणून सगळ्या मनातल्या मनात जप करायच्या. गोलासमोरच्या वर्तुळात आपली चूक होऊन पेनल्टी कॉर्नर बसला की पाचजणींनी गोलात उभं राहायचं. समोरची एक बाजूने चेंडू ढकलते, दुसरी तो वर्तुळाच्या कडेला अडवते आणि तिसरी काठीवर घेऊन भिरकावते. त्या तिसरीच्या अंगावर, चेंडू सुटायच्या आत, गोलातून सरळ धावत जाणारी ती पहिली. तोंडाला जाळीचा मुखवटा असतो, गुडघ्यांना गाद्या असतात. पण धावायचं असतं ते चेंडू ज्या वाटेने येणार त्याच वाटेवर.

ब्लांदिना खोलीत जाऊन पांघरुणात तोंड घालून पडली. घरी फोन करून आयोला सांगावं, की ती येऊन आपल्याला घेऊन जाईल, असंही मनात आलं. पण मग हॉकी संपणार. सांगितलं नाही तर शब्द मोडला. दोन्हीकडून फाशीच होती, आणि मधे तो चेंडू. जेवायला बोलावलं तेव्हा ती पोट दुखतंय म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

दीदीने सुरुवात गमतीची केली. चेंडूवर कोळशाने एक फुली काढली, ब्लांदिनाला गोलाच्या खांबाशी उभं केलं आणि दहा पावलांवरून हाताने चेंडू टाकायला लागली. अडवू नकोस, म्हणाली, फुली कुठल्या बाजूला दिसली तेवढं सांग. ब्लांदिनाने प्रत्येक वेळी काहीतरी ठोकून दिलं. डावीकडे, उजवीकडे, वर. दीदी खो खो हसली आणि चेंडू तिच्या हातात दिला. त्या चेंडूवर फुली नव्हतीच. दीदीने मघाशीच तो बदलला होता. ब्लांदिनाने एकदाही डोळे उघडे ठेवले नव्हते.

“भीती जाऊ दे की राहू दे, ती तुझी,” दीदी म्हणाली. “डोळे माझे. ते मला उघडे पाहिजेत.”

मग महिनाभर तेच. आधी टेनिसचा चेंडू, मग खरा पण हाताने टाकलेला, मग काठीने ढकललेला, मग मारलेला. सकाळी गवतावर पाणी मारलेलं असायचं आणि चेंडू पाण्याची रेघ उडवत यायचा. ब्लांदिनाला जेवताना ती रेघ दिसायची, प्रार्थनेला डोळे मिटले तरी दिसायची.  गोलाच्या मागच्या फळीवर चेंडू आपटल्याचा आवाज तिला लहानपणापासून जगात सगळ्यात आवडायचा. आता गोलात उभं राहून तो कानामागे ऐकला की मानेवर काटा यायचा. आपण इतकी वर्षं हा आवाज कुणाच्या तरी कानामागे काढत होतो, हे तिला नवीनच कळलं. पण एक दिवस तिने फुली पाहिली. खरोखर पाहिली, उजवीकडे खाली, आणि ती दिसली म्हणून काठी आपोआप तिथे गेली.

त्याच महिन्यात दीदीने तिला परत यायला शिकवलं. चेंडू गेला की स्वतःच्या वर्तुळाची रेघ काठीने शिवून यायची, तोवर तिला पुढचा पास कुणी द्यायचा नाही. पहिल्या आठवड्यात ती दमून ओकली. पोरींनी तिला महाराणी राज्य फिरायला निघाली म्हणून चिडवलं. हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की मागून चेंडू स्वतः काढून आणला तर समोरच्या पोरी पांगलेल्या असतात, आणि पुढे अर्धं मैदान मोकळं मिळतं. पूर्वी तिला चेंडू मिळायचा तेव्हा समोर तिघी तयार उभ्या असायच्या. गोल कमी झाले नाहीत, उलट संघाचे वाढले. हे सगळं तिला पटत होतं. फक्त पहिली धाव पटत नव्हती.

खऱ्या कॉर्नरला ती गोलातून निघायची, पाच-सहा पावलं जोरात जायची, आणि मग पाय आपोआप मंद व्हायचे. कुणीतरी मागून शर्ट धरल्यासारखे. दर वेळी तिथेच. एकदा त्या जागी चेंडू मुखवट्याच्या कडेला घासून गेला आणि ती बसली ती उठेचना. कानात नुसतं वाजत होतं. हात पुन्हा पुन्हा डोळ्यांकडे जात होते.

दीदी तिच्याजवळ गवतावर बसली. तिने रागावायला पाहिजे होतं, पण ती हळू आवाजात बोलली.

“चेंडू काठीवरून सुटतो तेव्हा जमिनीवर असतो. मग वर चढतो. अगदी जवळ गेलीस तर तो तुझ्या पायाशी असेल. लागेल, निळं होईल, चार दिवस लंगडशील. पण तू थांबतेस तिथवर तो बरोब्बर तोंडाच्या उंचीला आलेला असतो. भित्रं माणूस अर्ध्यात थांबतं, आणि मार अर्ध्यातच आहे. माझे दात अर्ध्यात गेले. गोलात थांब किंवा तिच्या अंगावर जा. मधे उभं राहायला जागा नाही.”

नाताळाच्या सुट्टीत ब्लांदिना घरी गेली. नडग्यांवर हिरवेनिळे डाग होते, म्हणून ती घरातही पायमोजे घालून वावरली. थंडीचे दिवस होते, कुणाला वेगळं वाटलं नाही. आयोने अरसा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोड रोट्या, तळल्या, शेजारणींना फोटोची गोष्ट पुन्हा सांगितली, आणि रोज न चुकता विचारलं, पुढेच ना? ब्लांदिना हो म्हणायची आणि घास गिळायची. मर्था काही विचारत नव्हती. ओढ्यावर कपडे धुताना तिने ब्लांदिनाच्या उघड्या पायांकडे पाहिलं.

“मागे खेळवतात तुला,” मर्था म्हणाली.

ब्लांदिनाने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. बाई, दात, कोळशाची फुली, पहिली धाव. तिला वाटलं मर्था आयोला हाक मारेल. मर्थाने हातातला कपडा पिळला, दगडावर आपटला आणि पुन्हा पाण्यात बुडवला.

“त्या दिवशी माझं काय झालं कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “चेंडू येताना मी डोळे मिटले होते. काठी मधे घालायला वेळ होता, खूप वेळ होता. पण मी डोळे मिटले. उघडले तेव्हा एक उघडला नाही.” मग कपडा पाण्यातून वर काढत म्हणाली, “तुझी बाई शिकवते ते नीट शिक. आयोला मी काही सांगत नाही. पण तिला कळलं ना, तर ती तुला तिथून उचलून आणेल. मग तू आणि मी दोघी भिंतीकडे तोंड करून बसू.”

राज्याच्या स्पर्धेची फायनल रांचीला होती. आदल्या दिवशी केंद्राच्या फोनवर निरोप आला की सरईटोलीची माणसं जीप करून येताहेत, आणि त्यांत आयो आहे. ब्लांदिनाला रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ती दीदीकडे गेली, शब्दाची हकीकत सांगितली आणि म्हणाली, आजच्या दिवस दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. दीदीने ऐकून घेतलं. म्हणाली, कॉर्नर बसलाच नाही तर प्रश्न नाही, प्रार्थना कर. आणि बसला तर कुणाला पाठवू, तू सांग, मी तिला पाठवते. ब्लांदिनाने पोरींकडे पाहिलं. एकीचंही नाव तिच्या तोंडून निघेना.

प्रार्थना बऱ्यापैकी लागू पडली. सामना तिचा होता. तिने स्वतःच्या वर्तुळातून चेंडू काढून आणून एक गोल केला, तेव्हा सरईटोलीच्या माणसांनी ढोल वाजवला आणि आयो बाकावर उभी राहिलेली तिला दिसली. तो एकच गोल शेवटपर्यंत टिकला. मग अगदी शेवटी, भोंगा वाजायच्या तोंडावर, आपल्याच एका पोरीच्या पायाला वर्तुळात चेंडू लागला आणि पंचाने दोन्ही हात गोलाकडे केले. लगेच भोंगा वाजला. पण वेळ संपली तरी बसलेला कॉर्नर पुरा करावाच लागतो. मैदानावर बाकी काही उरलं नव्हतं, तेवढाच एक कॉर्नर.

ब्लांदिनाने मुखवटा चढवला. पाठीवर अकराचा आकडा होता आणि आयोला आकडे वाचता येत होते. तिने बाकांकडे पाहिलं नाही. ढोल थांबलेला तेवढा कळला.

समोर भिरकावणारी पोरगी उंच होती, सात नंबरची, त्या स्पर्धेत तिने सगळ्यांच्या गोलात चेंडू घातले होते. चेंडू निघाला. ब्लांदिना धावली. पाचवं पाऊल आलं, सहावं आलं, पाय जड झाले, आणि तिने ते जड पायच पुढे टाकले. काठी जमिनीला, डोळे चेंडूवर. तो सुटला आणि फाटकन तिच्या नडगीवर बसला. वेदनेने डोळ्यांत पाणी आलं, पण चेंडू अडला होता. तिच्या मागच्या पोरी ओरडायला लागल्या. तेवढ्यात पंचाने पुन्हा दोन्ही हात गोलाकडे केले.

हा नियम तिला पाठ होता आणि या क्षणी तो तिला आठवला नव्हता. जवळ पोचलेल्या धावणारीच्या गुडघ्याखाली चेंडू लागला तर पुन्हा कॉर्नर. गुडघ्याच्या वर लागला तरच सुटका. म्हणजे धीर करून जवळ जावं, आणि त्याची शिक्षा म्हणून पुन्हा जावं.

दुसऱ्या वेळी ती लंगडत निघाली. या वेळी भीती जास्त होती, कारण आता दुखतं किती हे ठाऊक होतं. सात नंबरने चेंडू आणखी जोरात सोडला आणि तो तिच्या घोट्यावर आदळला. ती खाली पडली. पंचाचे हात पुन्हा गोलाकडे.

ती रांगत उठली आणि गोलात परत आली. घोट्यावर भार देववत नव्हता. मुखवट्यात स्वतःचाच श्वास इतका मोठा ऐकू येत होता की दुसरं काही ऐकू येईना. पुरे झालं, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. दोनदा गेले, आता माझं काम झालं. शेजारी उभी असलेली एतवारी, संघातली सगळ्यात लहान चणीची पोरगी, तिच्या कानाशी वाकली.

“ब्लांदिनादीदी, तू खांबाशी थांब. मी जाते.”

ब्लांदिनाला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. तिने एतवारीकडे पाहिलं. पोरीचा खांदा आत्तापासूनच वर आला होता आणि पापण्या फडफडत होत्या.

“तू डोळे मिटशील,” ब्लांदिना म्हणाली. “मागे हो.”

तिसऱ्या वेळी सात नंबरही हुशार झाली. तिला कळलं होतं की ही पोरगी येणार. तिने चेंडू किंचित जास्त वेळ काठीवर धरला आणि उचलून सोडला. ब्लांदिनाने तो काठीवरून निघताना पाहिला, वर येताना पाहिला, त्यावरची शिवणीसारखी रेघ फिरताना पाहिली. वळायला वेळ होता, मान फिरवायला वेळ होता. ती सरळ गेली. चेंडू मांडीवर, गुडघ्याच्या वीतभर वर, मोगरी हाणल्यासारखा बसला, आणि ती जिथल्या तिथे कोसळली. पंचाचा हात या वेळी दुसऱ्या बाजूला गेला. सामना संपला.

पोरी तिच्या अंगावर येऊन पडल्या. कुणी रडत होतं, कुणी तिचे गाल ओढत होतं. मारियाना दीदी दात न लावताच मैदानात धावत आली आणि तिच्या मांडीवर बर्फ दाबून धरला. तुझं नाव शिबिराला जातंय, एवढंच म्हणाली आणि नाक पुसायला लागली. ब्लांदिनाला काहीच नीट ऐकू येत नव्हतं. गर्दीच्या पलीकडून आयो येताना दिसत होती. कुणी अडवलं तर हात झटकत, साडीचा पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक. चेंडूला ब्लांदिना इतकी घाबरली नव्हती. तिने उठून बसायचा प्रयत्न केला. दिलेला शब्द मोडला होता, आणि तोही आयोच्या डोळ्यांदेखत.

आयो गवतावर बसली. तिने आधी ब्लांदिनाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. एक डोळा पाहिला, मग दुसरा. पापणी अंगठ्याने उचलून पुन्हा पाहिला. मग मांडी, घोटा, नडगी. बर्फाची पिशवी तिने मांडीवर पुन्हा नीट बसवली.

“बाई,” तिने मारियाना दीदीला विचारलं, “ती पहिली धावते ती यापुढे हीच का?”

दीदीने ब्लांदिनाकडे पाहिलं. ब्लांदिनाने मान हलवली.

“हो,” दीदी म्हणाली. “हीच.”

 ब्लांदिना वाट बघत राहिली, आता आयो हात धरून उठवेल आणि जीपमध्ये नेऊन बसवेल. आयोने गवतावर पडलेला मुखवटा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि त्याचा मागचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला.

“तिसऱ्या वेळी हा सैल झाला होता,” ती म्हणाली. “एवढ्या लांबून मला दिसला. तुमच्यापैकी कुणाला दिसला नाही?” मग ती ब्लांदिनाकडे वळली. “पुढच्या वेळी मला बोलवू नकोस. मला बघवायचं नाही. पण हा पट्टा घट्ट बांधत जा.”

आणि जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून तिने आपल्या केसांतली पिन काढली आणि तो पट्टा तिथेच बसून आवळायला घेतला.